डाव्या हातातली पणती

तापीच्या घाटावर त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पायऱ्यांवर बायका, बायकांच्या मांडीवर पोरं, आणि मागे मोटारसायकलींच्या सीटवर उभं राहून माना लांब करणारी तरुण मंडळी. अगदी पाण्याच्या काठाला, भगव्या मंडपात दक्षिणानंद महाराज बसले होते. दक्षिण म्हणजे उजवा. दक्षिणा म्हणजे काय, हे त्यांचा शिष्य जीवन ताट घेऊन फिरायला लागला की कळायचं.

"बोलो भक्तो, मौत कौनसे हाथ से आती है?" महाराजांनी माइकवर विचारलं.

"बाएँ हाथ से!" घाट गरजला.

"और आयुष्य?"

"दाएँ हाथ से!"

आठवडाभरात लोकांना उत्तरं तोंडपाठ झाली होती. शाळेतले पाढे एवढ्या हौसेने पाठ केले असते, तर आमच्या बुऱ्हाणपुरात घरटी एक इंजिनियर निघाला असता.

"महाराज, माझा पोरगा डाव्या हातानं लिहितो हो!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"लिखता नहीं है, बेटा," महाराज हळहळले, "अपनी उमर मिटा रहा है. एक एक अक्षर, एक एक दिन!"

घाटावर हाय हाय झालं. जीवनचं ताट पुढे सरकलं.

मी मनीषा. बाजारात माझं औषधांचं दुकान आहे. लोक डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येतात आणि "ते राहू द्या, तुम्हीच काहीतरी चांगलं द्या" म्हणतात. त्यामुळे गावाच्या दुखण्यांची आणि गैरसमजांची मला बरीच माहिती आहे. घाटावर मी भक्तीपोटी गेले नव्हते, भाचीपायी गेले होते.

भाची म्हणजे तृप्ती, माझ्या थोरल्या बहिणीची, निर्मलाची मुलगी. तिच्या वडिलांचं, गिरधरभाऊजींचं, मावा जलेबीचं दुकान आहे. भाऊजींचे गुडघे धरले तेव्हापासून कढईवर तृप्तीच बसते. ती डावखुरी आहे, त्यामुळे तिच्या जलेबीचं वेटोळं इतरांच्या उलट दिशेने फिरतं. जुनी गिऱ्हाइकं मुद्दाम "उलटी द्या" म्हणून मागून घेतात. नदीपलीकडच्या जैनाबादचा नीलेश असाच उलटी जलेबी खाता खाता तिच्या प्रेमात पडला. त्याची केळीची बाग, शिक्षण बी.एस्सी. अॅग्री, स्वभावाने गरीब. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्तही धरला होता.

आणि मध्येच हे महाराज उगवले. नीलेशच्या आजीने, ऐंशीच्या पुढच्या रंभाबाईंनी, होणाऱ्या नातसुनेला हाताला धरून घाटावर आणलं. ते कळल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं ओढून मागोमाग निघाले.

"आओ बेटी," महाराज म्हणाले. जीवनने तृप्तीच्या दोन्ही तळहातांवर एकेक मातीची पणती ठेवली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एकाच भांड्यातून, एकाच पळीने, अगदी थोडंथोडं तेल ओतलं. एकाच काडीने दोन्ही वाती लावल्या. "इस हाथ यमराज, इस हाथ भगवान," महाराज पुटपुटत राहिले. लोक श्वास रोखून बघत होते, आणि खोटं कशाला सांगू, मीही बघत होते.

डाव्या हातातली ज्योत आधी बारीक झाली, मग तडतडली, मग विझली. उजव्या हातातली निवांत जळत होती.

"देख लिया?" महाराजांनी हात वर केले. "और जिसको शक है, वो मुझे सत्तर साल के ऊपर का एक लेफ्टी लाकर दिखाए. सिर्फ एक! मैं गादी छोड़ दूँगा. अरे, मिलेगा कहाँ से? बचता ही नहीं है!"

सगळा घाट एकमेकांकडे बघायला लागला. जो तो आपले आजे, काके, शेजारपाजारचे म्हातारे आठवत होता. कुणालाच एकही डावखुरा म्हातारा आठवेना. मलाही आठवेना, आणि महाराजांवर आला नाही एवढा राग मला माझा आला.

रंभाबाई माझ्यापाशी आल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मनीषाबाई, पोरगी मले लाख पसंत हाय. पन मी एकदा पाह्यलं. आता दुसऱ्यांदा पाहण्याची ताकद नाही राह्यली."

त्यांनी काय पाहिलं होतं, ते जैनाबादेत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची सून, नीलेशची आई शीतल, केळीच्या बागेत साप चावून गेली. नीलेश तेव्हा लहान होता. शीतल डावखुरी होती आणि दंशही डाव्याच हाताला झाला होता. महाराजांच्या ज्योतीने म्हातारीची ती जुनी जखम उघडी केली होती.

महाराजांनी उपाय दिला, हस्तपालट. डावा हात लाल कापडाने अंगाशी बांधायचा आणि सगळी कामं उजव्याने करायची. रविवारी समाप्तीच्या कार्यक्रमात पुन्हा पणती बघायची. हात पालटला तर लग्न, नाही तर नाही.

"आणि तू हो म्हणालीस?" घाटाच्या पायऱ्या चढताना मी तृप्तीवर डाफरले.

"मावशी, आजी रडत होती गं. हात बांधून कुणाचं रडणं थांबत असेल, तर बांधून बघू."

"उद्या म्हणतील डोळा बांध!"

"डोळ्याचं उद्या बघू," ती म्हणाली, पण हसली नाही.

त्या आठवड्यात माझ्या दुकानातलं क्रेप बँडेज संपलं. गावात पाय कुणाचाच मुरगळला नव्हता. महाराजांचं लाल कापड सगळ्यांना परवडत नव्हतं, म्हणून आया आपल्या डावखुऱ्या लेकरांचे हात बांधायला बँडेज नेत होत्या. पहिल्या दोन-तीन गिऱ्हाइकांचं कारण मला कळलंच नाही. कळल्यावर मी विकायचं बंद केलं. "नसेल द्यायचं तर राहू द्या," एक बाई फणकारली, "समोरच्या दुकानात मिलता है." तिच्या कडेवरच्या पोरीने डाव्या हाताने काउंटरवरची खोकल्याची गोळी उचलली. आईने चापट मारली. गोळी खाली पडली, आणि पोरगी माझ्याकडे असं बघायला लागली की जणू मीच मारलं.

दुकानाचं दार लोटून नीलेशही आला. "मावशी, प्लीज गुस्सा मत होना. मी पण महाराजला मानत नाही. पण हे पढा ना एकदा." त्याने मोबाईल पुढे केला. "हे साधूबिधूचं नाही, सायन्सवाल्यांचं आहे. फॉरेनमध्ये रिसर्च झाला होता. डावखुरे जल्दी मरतात, काही साल आधी."

मथळा खरंच तसा होता. मोठा, जाड ठशात. मी तो दोनदा वाचला. महाराजाला खोटं म्हणणं सोपं होतं. पण हे?

"पुढे काय लिहिलंय?" मी विचारलं.

"पुढे बहुत लंबा आहे. मी हेडलाइनच वाचली. त्यातच हिम्मत संपली." पोरगा खरोखर घाबरला होता. आईविना वाढलेला, आता बायकोही जाणार म्हणून.

मी चंग बांधला. एक डावखुरा म्हातारा शोधायचाच. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या प्रत्येक आजोबांना मी विचारायला लागले, "काका, तुम्ही कुठल्या हाताने लिहिता?" काही जणांना वाटलं नवीन तपासणी आली आहे. एकाने विचारलं, "ह्याच्यावर पण गोळी आहे काय?" सगळे उजवेच निघाले. निवृत्त पोस्टमास्तर दिगंबरकाका थोडं थांबून म्हणाले, "आमच्या वर्गात होता व एक डावखुरा. पण गुरुजींनी सुधारला त्याला." आणि साखरेची गोळी घेऊन गडबडीने निघून गेले. मी त्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही. पुढे त्यासाठी मी कपाळावर हात मारून घेतला.

इकडे तृप्तीची कढई बिघडली. उजव्या हाताने फडकं पिळलं की पीठ भलतीकडेच धावायचं. कढईत पडे ती जलेबी नसायची, भांडण असायचं. गिऱ्हाइकं नाक मुरडायला लागली. भाऊजी गल्ल्यावर बसून म्हणायचे, "चालेल, चालेल, चवीला तीच आहे." पण चव तीच असली तरी माणसं जलेबी आधी डोळ्यांनीच खातात.

शुक्रवारी दुपारी मी निर्मलाकडे गेले. दिवाळी तोंडावर आली होती. ताई मागच्या अंगणात बसून नव्या पणत्या बादलीतल्या पाण्यात भिजत घालत होती. तृप्ती पायरीवर बसली होती, डावा हात पोटाशी बांधलेला.

"मावशी, एक विचारू? त्या दिवशी माझा डावा तळहात तेलकट का झाला होता?"

"तेल सांडलं असेल."

"नाही ना. सांडलं असतं तर कळलं असतं. पणतीच्या बुडाखाली तेलकट झाला होता, साबणाने धुवावा लागला. उजवा मात्र साफ होता, आणि गार गार लागत होता."

मी बादलीकडे बघितलं. ताई पणत्या सोडत होती आणि प्रत्येक पणतीतून बारीक बुडबुडे वर येत होते. कोरडी माती घटाघटा पाणी पीत होती.

"ताई, पणत्या कशाला भिजवतेस?" मी विचारलं.

"काय विचारते ही!" ताई म्हणाली. "नाही भिजवल्या तर तेल पितात मेल्या. लक्ष्मीपूजन होण्याआधीच विझतात."

बोलून झालं आणि ताईचा हात पाण्यातच थांबला. तिने तृप्तीकडे बघितलं, तृप्तीने माझ्याकडे.

आम्ही लगेच करून पाहिलं. आधीच भिजून पुसून ठेवलेली एक पणती घेतली आणि टोपलीतली एक कोरडी. दोन्हींत चमचाभर तेल, सारखी वात. थोड्याच वेळात कोरडी विझली आणि पाटावर तिच्या बुडाचा तेलकट गोल उमटला. भिजवलेली जळतच होती. महाराजांचं आयुष्याचं शास्त्र माझ्या ताईच्या बादलीत बुडालं. दर दिवाळीला घरोघरी पणत्या भिजवणाऱ्या बायका त्या घाटावर बसल्या होत्या, मी त्यांत होते, आणि एकीच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. देवाच्या नावाने समोर काही ठेवलं की आपण घरची अक्कल चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो.

तसंच आम्ही पूल ओलांडून जैनाबाद गाठलं. नीलेश बागेत होता. रंभाबाई बागेच्या तोंडाशी, झोपडीसमोर खाटेवर बसल्या होत्या. मी सोबत आणलेल्या पणत्यांनी सगळा प्रयोग करून दाखवला. त्यांनी शांतपणे पाहिला.

"हाव," त्या म्हणाल्या. "पनती खोटी हाय. कळलं मले. पन महाराजानं दुसरं विचारलं ना? म्हातारा डावखुरा दाखव म्हने. दाखव ना मले एक. माझा जलम गेला, मी नाही पाह्यला. माझी शीतल तं तिशीबी नाही गाठली."

लबाडाचीही एखादी गोष्ट खरी निघते की काय, या विचारात मी पणत्या उचलायला लागले. तृप्तीने बांधल्या हाताकडे बघितलं. नीलेश मातीत काडीने रेघा ओढत बसला.

तेवढ्यात बागेत सळसळ झाली. वानरांची टोळी शिरली होती. एक मोठं काळतोंड्या वानर तयार घडावर बसून केळी सोलायला लागलं.

"अय् मेल्या!" रंभाबाई खाटेवरून अशा उठल्या की गुडघेदुखीचं माझं तेल नेणारी बाई हीच का, असा मला प्रश्न पडला. त्यांनी खुंटीवरची गोफण ओढली, तिच्यात दगड घातला, डोक्यावर गरगर फिरवली आणि सोडली. सट्‌ आवाज झाला. वानराच्या कानाजवळचं केळीचं पान फाटलं. टोळी बांध ओलांडून पसार झाली.

"आजी," तृप्ती हळूच म्हणाली, "गोफण कुठल्या हाताने फिरवली?"

"काहून? हातात आली त्या हा..." रंभाबाईंनी खाली बघितलं. गोफण डाव्या हातात होती.

रंभाबाई खाटेवर बसल्या. गोफण या हातातून त्या हातात घेऊन बघितली. उजव्या हाताने फिरवायला गेल्या तर दोर त्यांच्याच पदरात अडकला. मग त्यांनी डाव्या हाताच्या बांगड्या वर सारल्या. मनगटावर एक जुना, चपटा, पांढुरका डाग होता.

"हा उलथण्याचा चटका," त्या म्हणाल्या. "माय द्यायची. जेवाले बसली का हा हात पुढे जायचा माझा. 'अन्नाले डावा हात लावते?' म्हने आन् चटका. माहेरी, तुकईथडले होतो तवा आम्ही. मंग शिकली उजव्यानं जेवाले. शिकली का, भेऊन शिकली. पन ज्वारीच्या माळ्यावर पाखरं राखाले मी एकटीच असायची. तथी कोन पाहू राह्यलं? वर चढली का डावी, खाली उतरली का उजवी." त्यांनी डागावर अंगठा फिरवला. "मी इसरूनच गेली व माय. माझंच मी इसरून गेली."

दिगंबरकाकांचं वाक्य मला तेव्हा आठवलं. गुरुजींनी सुधारला त्याला! मी कपाळावर हात मारला तो इथे. डावखुरे म्हातारे मेले नव्हते. आपल्या आसपास औषधं घेत, केळी राखत, नातवंडं खेळवत जिवंत होते. फक्त लहानपणीच त्यांना मारूनमुटकून उजवं करून टाकलं होतं.

"नीलेश, तो मोबाईल काढ," मी म्हटलं. "आणि हेडलाइनच्या खाली जा."

तो खाली जात राहिला आणि मोठ्याने वाचत राहिला. त्यात तेच होतं. त्या संशोधनानंतर इतरांनी चूक दाखवून दिली होती. पूर्वी डावखुऱ्या मुलांना सक्तीने उजवं करत, त्यामुळे वयाने मोठ्या लोकांत डावखुरे म्हणून मोजायला माणसंच उरत नाहीत. ज्यांच्यावर सक्ती झाली नाही ते तरुण. मग मेलेल्यांत जे थोडे डावखुरे सापडले, ते तरुणच असणार. त्यावरून हात आयुष्य खातो असं काढणं म्हणजे अर्धीच बेरीज करून उत्तर लिहिणं.

रंभाबाईंनी सगळं ऐकलं. मग गोफण खाटेवर ठेवली.

"शीतलले साप चावला तवा," त्या म्हणाल्या, "आम्ही आधी भगताकडे नेली. दवाखाना मंग. डाक्टर म्हने, लवकर आनलं असतं तं वाचली असती. इतकी वर्सं मी तिच्या हाताले दोष देऊ राह्यली."

नीलेश उठून आजीजवळ बसला. तृप्तीने उजव्या हाताने त्यांचा डागाचा हात धरला. मी दुसरीकडे बघितलं, कारण माझं नाक वाहायला लागलं होतं.

रविवारी घाट पुन्हा फुलला. समाप्तीचा दिवस, म्हणून महाराज फॉर्मात होते. मंडपाच्या खांबावर नवा कर्णा बसवला होता.

"है कोई? पूरे बुरहानपुर में, पूरे जिले में, तुकईथड से असीरगढ़ तक, सत्तर के ऊपर का एक लेफ्टी?"

"हाय!" रंभाबाई उभ्या राहिल्या. "मी हाय. गादी उचला."

हशा पिकला. महाराजही मायेने हसले. "माई, आप तो दाएँ हाथ से खाती होंगी."

"हाव. खाते उजव्यानं. मारते डाव्यानं. दाखवू?"

महाराज काही म्हणायच्या आत त्यांनी कमरेची गोफण काढली. लोक भराभर बाजूला झाले. "अरे माई को पकड़ो! ये आयुष्य का महापर्व..." एवढंच महाराज बोलू शकले. गोफण फिरली आणि दगड सरळ कर्ण्यावर बसला. कर्णा मान टाकून लोंबकळला आणि महाराजांचं पुढचं प्रवचन त्यांचं त्यांनाच ऐकावं लागलं.

घाटावर शिट्ट्या सुरू झाल्या.

गर्दीतून दिगंबरकाका उठले. त्यांनी डावा हात वर केला, शाळेत करतात तसा. "तो आमच्या वर्गातला पोरगा... तो मीच व. गुरुजी बोटांत पेन्सिली धरून दाबायचे." पाठोपाठ मालूबाई नावाच्या एक आजी म्हणाल्या, "मी झाडू डाव्यानंच मारते बापा. झाडूले कोनी नाही टोकत ना!" मग दगड मारून दाखवायला, काडी ओढून दाखवायला म्हातारे पुढे यायला लागले. एक आजोबा तर नुसते सुनेवर हात उगारून बघत होते की कुठला वर जातो. सुनेने सांगितलं, "राहू द्या, समजलं सगळ्यांना."

मी मंडपात चढले. माइक गेलाच होता, पण औषध विकणाऱ्या बाईला ओरडायची सवय असते.

"मला सांगा, ऐंशी वर्षांची एक तरी आजी कुर्ती-लेगिंग घालते का?"

"नाही!"

"मग लेगिंग घातल्याने बाई लवकर मरते का?"

बायका खो खो हसल्या. "अगं, आमच्या काळी मिळतच नव्हती!" एक म्हातारी ओरडली.

"तसंच डावखुरेपणाचं. यांच्या काळी ते मिळूच दिलं नाही. चटके देऊन, बोटं दाबून, हात बांधून उजवे केले. आज पोरांना कमी मारतात, म्हणून डावखुरे तरुण दिसतात. म्हातारे डावखुरे तुमच्या घरात आहेत, तुम्ही त्यांना उजवे समजता. उरली पणती." मी ताईला हाक मारली. तिने तापीच्या पाण्याने भरलेली बादली मंडपात ठेवली. जीवनच्या मागे दोन टोपल्या होत्या. त्याने त्या पायाने मागे सरकवायला घेतल्या, पण नीलेश त्याच्यापेक्षा चपळ निघाला. एका टोपलीतली पणती मी पाण्यात सोडली. काहीच झालं नाही. दुसऱ्या टोपलीतली सोडली आणि बुडबुड, बुडबुड, पाणी उकळतंय असं वाटावं इतके बुडबुडे आले.

पुढचं मला बोलावंच लागलं नाही. पहिल्या पायरीवरच्या बाईने दुसरीला कोपर मारलं. "अगं बाई! कोरडी पणती! मुडद्याने भिजवलीच नाही!" तो शब्द पायऱ्या चढत वर गेला आणि हसणं होऊन खाली आला.

"मेरे ध्यान का समय हो गया," महाराज म्हणाले. त्यांचं ते ध्यान गाडीत बसून गावाबाहेर लागलं. लाल कापडाचा गठ्ठा मागे राहिला. पोलिसांत तक्रार मी दुसऱ्या दिवशी दिली, कारण असे लोक एका घाटावरून उठले की दुसऱ्या घाटावर बसतात.

आता तुम्हाला सरळ सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर आ वासण्याआधी प्रश्न विचारा. पणती कुणी ठेवली? कुठून आणली? माझ्या पणतीने करून दाखवाल का? आणि जे दिसत नाही ते नाहीच, असं मानण्याआधी त्याला कुणी लपायला लावलं ते विचारा. नुसता मथळा वाचू नका, मग तो साधूचा असो की शास्त्रज्ञाचा. शास्त्रज्ञाची चूक दुसरा शास्त्रज्ञ दाखवतो आणि ती मान्य होते, साधूची चूक दाखवली तर तो गाडी काढतो. साप चावला तर सरळ दवाखाना. आणि लेकरू डाव्या हाताने लिहीत असेल तर त्याला लिहू द्या. हात बांधायला बँडेज मागाल तर माझ्याकडे मिळणार नाही.

लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. जेवणाच्या मांडवात नवरीने हट्टाने एक घाणा स्वतः तळला, डाव्या हाताने, शालूचा पदर खोचून. पहिली जलेबी तिने ताटलीत घालून रंभाबाईंपुढे धरली.

रंभाबाईंचा उजवा हात सवयीने पुढे गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी तो मांडीवर ठेवला. बांगड्या मागे सारून डावा हात पुढे केला. घास तोंडाशी नेण्याआधी त्यांनी इकडेतिकडे बघितलं, लहान पोर चोरून खाताना बघतं तसं. उलथणं घेऊन कुणीही उभं नव्हतं.

"खा ना, आजी," तृप्ती म्हणाली.

त्यांनी जलेबी खाल्ली. पाक मनगटावरच्या डागावर ओघळला, तोही त्यांनी चाटून घेतला. "उलटी हाय," त्या म्हणाल्या, "पन गोड हाय." आणि डावाच हात पुढे करून दुसरी मागितली.